खाच न पाडलेला साग

कमलेश शेठच्या वखारीत तो ओंडका रुळावरच्या गाड्यावर चढवायला चौघांनी हात लावला आणि पाचव्यानं, म्हणजे चांगोनं, नुसता आवाज दिला. त्याच्या आवाजावाचून काही अडलं नव्हतं. पण त्या दिवशी चांगो वखारीत मजूर म्हणून आलेला नव्हता. धुतलेला सदरा घालून, कपाळाला गंध लावून तो मानकरी म्हणून आला होता. ज्यानं झाड पाडलं त्यानंच पहिली फळी निघताना नारळ फोडायचा, असं यात्रा कमिटीनं ठरवलं होतं आणि तो नारळ त्याच्या काखेत होता.

गोष्ट गावदेवीच्या पालखीची होती. लोधिवलीपासून आत डोंगराच्या अंगाला असलेल्या या गावाची पालखी चैत्रात निघते आणि चढ चढून वरच्या देवळात जाते. गेल्या चैत्रात त्याच चढावर पालखीची जुनी दांडी कडकन मोडली. खांदेकऱ्यांनी पालखी छातीवर झेलली म्हणून बरं, नाहीतर चार-सहा जण जायबंदीच व्हायचे. नवी दांडी सागाची हवी, चौदा फुटांची हवी आणि एकाच लाकडाची हवी. असा सरळसोट साग गावात एकच होता, अंबाबाईच्या शेताच्या बांधावर. तो तिच्या नवऱ्यानं लावलेला. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, त्या झाडासाठी फर्निचरवाले येऊन गेले, फार्महाउसवाले येऊन गेले, म्हातारीनं कुणालाच दाद दिली नव्हती. देवीसाठी मात्र तिनं एका शब्दात झाड दिलं. जंगल खात्याची परवानगी यायला दोन महिने लागले आणि मार्गशीर्षात, पानगळ झाल्यावर, चांगोनं साग पाडला.

आता माघ संपत आला होता. पट्ट्याची करवत फिरू लागली, भुश्शाचा पिवळा फवारा उडाला, सागाचा तेलकट वास वखारभर झाला. अर्धा ओंडका आत गेला आणि कमलेश शेठनं हात वर केला. बापापासून वखारीत वाढलेला माणूस, त्याला लाकडाचा आवाज कळत होता. त्यानं करवत हळू करायला लावली, पण थांबवली नाही. ओंडक्याच्या दोन फाकी झाल्या, त्या उलगडल्या, आणि आतल्या गुलाबी लाकडातून, बुंध्याकडच्या टोकापासून पार अर्ध्याच्या वर, एक काळी चीर गेलेली सगळ्यांनी पाहिली.

कमलेश शेठनं चिरेत नख घातलं, मग खिशातलं पोस्टकार्डासारखं जाड व्हिजिटिंग कार्ड घातलं. ते कार्ड अर्धं आत गेलं.

"वाळून तडा जातो तो बाहेरून आत जातो," तो म्हणाला. "हा तसा नाही. हे झाड उभ्यानं फाटलंय. झुकलेलं असणार. ज्या अंगाला पडायचं त्या अंगाला आधी खाच पाडायची असते, ती पाडलीच नाही. नुसतं मागून कापत गेलेत. मग झाड आपल्या वजनानं स्वतःला चिरतं." त्यानं फाकीवर हात ठेवला. "ह्यात दांडी नाही निघायची. पाट निघतील, चौरंग निघतील. खांद्यावर घ्यायचं लाकूड नाही हे."

कमिटीचा प्रमुख प्रवीण, अंबाबाईचा पुतण्या, साजगावच्या कारखान्यात सुपरवायझर होता. माल बिघडला की कुणाच्या हातून बिघडला हे आधी विचारायची त्याला सवय. त्यानं चांगोकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. नवल होतं, आणि तेच चांगोला सोसवलं नाही. गेली तीस वर्षं अख्ख्या खालापुरात म्हणत आले होते की चांगो आणि त्याचा जोडीदार पोशा यांनी पाडलेल्या झाडाला वखारीत नाव ठेवत नाहीत.

"झाड पाडताना मशीन कोण चालवत होतं, चांगोनाना?" प्रवीणनं विचारलं.

"पोशा," चांगो म्हणाला. "म्या दोर आनाया घरी गेलो व्हतो. येईस्तवर त्यानं झाड पाडलं."

शब्द तोंडातून गेले तेव्हा त्याचे त्यालाच ऐकू आले. कुणीतरी मध्ये बोलेल, अडवेल, असं त्याला क्षणभर वाटलं. पण उलट सगळ्यांचे चेहरे सैल झाले. कोडं सुटलं होतं. कातकऱ्याच्या हातात मशीन दिलीच कशाला, एवढंच एक जण म्हणाला, आणि तेही चांगोच्या भोळेपणाला हसत. प्रवीण मात्र हसला नाही. यंदा पालखीपुढे पोशा नको, असं त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं.

पालखीपुढे कोयता घेऊन वाटेवरच्या फांद्या साफ करत चालायचा मान पोशाच्या घराचा होता. त्याच्या आजानं ते केलं, बापानं केलं, आणि पोशा वयाच्या विशीपासून करत आला होता. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस गाव त्याला ओट्याखाली बसवायचं, पण त्या एका दिवशी तो देवीच्याही पुढे असायचा. तो एक दिवस चांगोनं दोन वाक्यांत घालवला होता.

नारळ त्यानं काखेतच घरी परत नेला.

खरं काय झालं होतं ते असं. चांगो आणि पोशा तीस वर्षं एकाच करवतीची दोन टोकं धरून झाडं पाडत आले होते. दोघांनी ओढायची लांब करवत, दोन्ही टोकांना काढता-घालता येणाऱ्या लाकडी मुठी. चांगोची मूठ शिसवाची, पोशाची खैराची, ज्यानं त्यानं आपापली घडवलेली. पद्धत ठरलेली होती. झाड कुठं कललंय ते पोशा आधी भोवती फिरून बघायचा, ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला कुऱ्हाडीनं खाच पाडायचा, मग मागून दोघांनी करवत लावायची आणि शेवटचं दोन बोटं लाकूड राखायचं. त्या दोन बोटांवर झाड दार लागावं तसं हळू वळायचं. खाली पेंढा आणि फांद्या अंथरलेल्या असायच्या, म्हणजे खोड आपटून आतून खिळखिळं होऊ नये. ह्या सगळ्याला वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात पोशा तंबाखू मळत झाडाशी काहीबाही बोलायचा.

मग देवेशनं, चांगोच्या मुलानं, पनवेलहून पेट्रोलवर चालणारी, झाड कापायची मशीन आणून दिली. पोशानं तिला हात लावला नाही. दोरी ओढून गुरगुरणारं ते जनावर आपल्याला नको, असं तो म्हणाला आणि कुऱ्हाड, कोयता, फांद्या एवढंच आपलं काम ठेवलं. चांगोला मशीन फार आवडली. तिच्यासाठी दुसरं टोक धरायला कुणी लागत नव्हतं.

आणि खरी मेख तिथंच होती. तीस वर्षं गाव 'चांगो-पोशाची जोडी' म्हणत आलं होतं. एकट्या चांगोचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि पोशा जोडीत होता म्हणून आपलं नाव निम्मं होतं असं चांगोला मनातून वाटत असे. देवीच्या दांडीचा साग आपण एकट्यानं पाडावा, ही इच्छा त्याला झाली तेव्हा ती त्याला वाईटही वाटली नाही.

त्या सकाळी पोशानं सागाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, झाड शेताकडं लई कललंय. खाच खोल लागल. म्या कुऱ्हाडीनं पाडतो, मंग तू मशीन लाव." पोशा चांगोहून दोन वर्षांनी मोठा, पण आयुष्यभर त्याला दादाच म्हणत आला होता.

चांगो हो म्हणाला. मग दोर आणि पेंढा आणायला त्यानं पोशाला आपल्या घरी पाठवलं. जाऊन-येऊन तासाची वाट होती. पोशा बांधाआड गेल्याबरोबर चांगोनं मशीनची दोरी ओढली. पोशा परत येईल तेव्हा झाड पडलेलं असेल, आपण खुंटावर बसून विडी ओढत असू, असं त्याच्या मनात होतं. खाच पाडायला अर्धा तास गेला असता, तो अर्धा तास त्यानं वाचवला.

मागून निम्म्याला पाती गेली असेल नसेल, तोच झाडानं तोंडावर चपराक द्यावी तसा आवाज केला. खोड मधून उभं फाटलं, मागची फाक उसळून चांगोच्या कानाजवळून वर गेली आणि साग शेतात कोसळला, आपटून एकदा उसळला आणि पडला. चांगो शेणात बसावा तसा मातीत बसला होता. हातपाय शाबूत आहेत हे कळायलाच त्याला वेळ लागला. मग त्यानं पाहिलं. छातीइतक्या उंचीपर्यंत खोडाचे दोन भाग झाले होते, आणि पुढे ती चीर बारीक होत होत केसासारखी होऊन लाकडात शिरली होती.

तेव्हाच जर तो हात जोडून म्हणाला असता की बाबांनो, चुकलो, तर गावानं चार दिवस शिव्या दिल्या असत्या आणि पाचव्या दिवशी विसरलं असतं. पण त्यानं मशीन पुन्हा सुरू केली. फाटलेला चार फुटांचा तुकडा कापून वेगळा केला, खुंट जमिनीलगत सपाट केला आणि ओंडक्याच्या टोकाला शेण फासलं. ओंडका टोकाकडून लवकर वाळून फाटू नये म्हणून शेण सगळेच फासतात, त्यात वावगं काही नव्हतं. फक्त चांगोनं ते जरा जाड फासलं.

पोशा आला तेव्हा हे सगळं उरकलं होतं. डोक्यावरचा पेंढा खाली टाकून तो खुंटाजवळ उकिडवा बसला, बोटानं लाकूड चाचपलं.

"खाच नाय पाडलीस," तो म्हणाला.

"गरज नव्हती," चांगो म्हणाला.

पोशा उठून फांद्या तोडायला लागला.

वखारीतल्या त्या दिवसानंतर पंधरा दिवस चांगो पोशासमोर गेला नाही. कामं आली तीही त्यानं नाकारली, कंबर धरली आहे असं सांगून. इतरांनी पोशाला बोलावणं सोडलं ते वेगळंच. वाडीतले बाकी कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. पोशा करवतीच्या जिवावर तीस वर्षं भट्टीवर गेला नव्हता. ऐन फाल्गुनात तो आणि ठकी, त्याची बायको, बोचकी बांधून शेलूकडच्या भट्टीवर निघून गेले. जाताना तो चांगोच्या दारी येऊन गेला. चांगो मागच्या दारानं गोठ्यात जाऊन उभा राहिला आणि जयानं, त्याच्या बायकोनं, ते घरी नाहीत म्हणून सांगितलं. तिलाही त्यानं खरं काही सांगितलेलं नव्हतं.

पोशा गेल्यावर तो पडवीत आला. करवत आढ्याला टांगलेली होती. शिसवाची मूठ जागच्या जागी होती. दुसऱ्या टोकाची खैराची मूठ काढून नेलेली होती.

चांगोला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण लाजेचंही एक विचित्र असतं, ती माणसाला सुधारण्याआधी आणखी बिघडवून घेते. त्याच्या मनात पोशाचा विचार येण्याआधी त्या फाटलेल्या तुकड्याचा विचार आला. चार फुटांचा तुकडा अजून अंबाबाईच्या बांधाला, फांद्यांच्या ढिगाखाली पडून होता. उद्या कुणी ढीग उपसला तर दिसणार होता.

राब भाजायचे दिवस होते. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पाला, फांद्या, शेणी पसरून ती जमीन भाजतात, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. काकी, तुझा राब मी भाजून देतो, म्हणून चांगो स्वतःहून अंबाबाईच्या शेतावर गेला. फांद्या पसरल्या, पाला टाकला आणि सगळ्यांच्या खाली तो तुकडा सरकवला. वारा पडलेला बघून आग लावली. पाला भसाभस जळून गेला, फांद्या बसल्या, आणि साग मात्र हट्टी, कडेनं तेवढा धुमसत राहिला.

अंबाबाई काठी टेकत बांधावर आली. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण नजर शाबूत. ती बराच वेळ त्या धुमसणाऱ्या तुकड्याकडे बघत होती.

"सागाचं लाकूड कुनी राबात जालतं का रं?" तिनं विचारलं.

चांगो म्हणाला, फाटकं होतं, कामाचं नव्हतं. अंबाबाई बांधावर बसली. तिनं धुरानं माखलेलं तोंड पदरानं पुसलं आणि अगदी साध्या आवाजात, भाताचं काय पेरायचं ते सांगावं तशी, बोलू लागली. त्या दिवशी पोशा दोर मागायला तिच्याकडे आला होता. चांगोचं घर लांब, आणि हिचं घर शेताच्या टोकाला, म्हणून. दोर आणि पेंढा तिनंच दिला होता.

"माज्या ओट्यावर बसून चा पीत व्हता तो," अंबाबाई म्हणाली. "तवा आवाज झाला. तसा आवाज म्या जल्मात ऐकला नाय. पोशाच्या हातातला कप सांडला. त्यो म्हनला, काकी, दादानं झाड चिरलं. मंग म्हनला, जित्ता हाय का बघतो, आन् पलाला. बांधावरनं तू मशीन चालवताना दिसलास तसा मागारी आला, आन् लई उशिरानं पेंढा डोईवर घेऊन गेला."

तीन महिने चांगोनं पोशा काय बोलेल, कमलेश शेठला काय कळेल, याचेच हिशेब केले होते. म्हातारी कुठेच त्याच्या मोजणीत नव्हती. आणि ती पहिल्या दिवसापासून जाणून होती. रोज सकाळी तिच्या ओट्यासमोरून जाताना तो रामराम करत होता आणि ती रामराम घेत होती.

तू कुणाला सांगितलं कसं नाहीस, असं त्यानं विचारलं, आणि विचारतानाच त्याची मान खाली गेली. अंबाबाई म्हणाली की तिनं प्रवीणला सांगितलं होतं. प्रवीण म्हणाला, काकी, तुला आता वार आठवत नाहीत, तू दुसऱ्याच दिवसाचं बोलतेस.

"माजं कुनी मानीत नाय, पोशाचं कुनी मानीत नाय," ती म्हणाली. "तुजं मानतात. म्हनून म्या वाट बघत व्हते."

त्याच संध्याकाळी चांगो प्रवीणच्या घरी गेला. प्रवीण कामावरून येऊन यात्रेच्या पावत्या बघत बसला होता. वेळेवर लाकूड मिळालं नाही म्हणून यंदा लोखंडी पाइपच पिवळा रंगवून दांडीला लावायचा, असं कमिटीनं ठरवून टाकलं होतं. चांगोनं उभ्याउभ्याच सांगितलं. झाड मी पाडलं, पोशा तिथं नव्हता, वखारीत मी खोटं बोललो. त्याला वाटलं, आता प्रवीण उठेल, ओरडेल, आणि ओरडला तर फार बरं होईल.

प्रवीण उठला आणि त्यानं चांगोच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नाना, तो म्हणाला, काकीनं तुम्हाला भरीला घातलं ना? पोशाची तुम्हाला दया येते, आम्हाला काय कळत नाही का. पण त्याची चूक तुम्ही का अंगावर घेता? चांगो पुन्हा सांगू लागला तसा प्रवीण आणखीच हलला. बायकोला हाक मारून म्हणाला, बघ, अशी माणसं राहिली नाहीत आता. चहा आला, सोबत चिवडाही आला. चांगोनं तो खाल्ला, कारण नाही म्हणायलाही त्याच्यात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शेलूला गेला. नव्या इमारतींच्या मागे, नदीच्या अंगाला भट्टी होती. पोशा मातीच्या चिखलात पोटरीपर्यंत उभा होता. साच्यात चिखल थापायला तो खैराच्या मुठीनं ठोकत होता. चांगोनं ती मूठ ओळखली. तो कडेला बसला आणि सगळं बोलला, वखारीतलं, प्रवीणकडचं, काही न लपवता. प्रवीणनं मानलं नाही तेही सांगितलं. पोशा काम न थांबवता ऐकत होता.

"म्याबी परवीनला सांगितलं व्हतं, म्या नाय पाडलं म्हनून," तो शेवटी म्हणाला. "त्यानं नाय मानलं. आता तुजंबी नाय मानलं. कसं वाटतं रं चांगो?"

तीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. यात्रेला ये, एवढंच चांगो म्हणाला, मी सगळ्यांसमोर सांगतो. पोशानं साचा उलटा केला, वीट सुटी झाली. सांगायचं तर सांग, तो म्हणाला, पण मी येईन म्हणून सांगू नको.

यात्रेच्या दिवशी देवळापुढे मांडव होता, माइक होता, पिवळा पाइप लावलेली पालखी फुलांनी झाकली होती. पालखी उचलायच्या आधी प्रवीणनं माइक घेतला आणि कुणाला काही न विचारता चांगोचं नाव पुकारलं. दुसऱ्याची चूक पोटात घालणारा, गरिबाचा दोष आपल्या माथी घेणारा, असं बरंच काही तो बोलला. शाल-नारळ तयारच होता. बायका पदर सावरून बघू लागल्या, टाळ्या पडल्या, आणि चांगोच्या खांद्यावर शाल आली. उन्हाळ्यात ती लोकरीची शाल त्याला टोचली. त्याला वाटलं, भुई दुभंगावी. पण ती काही दुभंगत नव्हती, बोलावं त्यालाच लागणार होतं.

त्यानं प्रवीणच्या हातातून माइक घेतला.

"माजं मन मोठं नाय," तो म्हणाला. आवाज कर्ण्यातून डोंगरापर्यंत जाऊन परत आला आणि तो स्वतःच दचकला. "साग म्या पाडला. पोशाला मुद्दाम लांब धाडला, एकट्याचं नाव व्हावं म्हनून. खाच पाडली नाय. झाड चिरलं, ते शेण फासून लपवलं, तुकडा राबात जाळला आन् वखारीत पोशाचं नाव घेतलं. पोशाला ती मशीन चालूसुदिक करता येत नाय, इचारा कुनालाबी. त्यो कातकरी हाय, तुमी लगेच मानाल, हे मला म्हाईत व्हतं. म्हनून त्याचं नाव घेतलं."

हे शेवटचं वाक्य त्यानं ठरवलेलं नव्हतं. ते खरं आहे हे त्यालाही ते बोलल्यावरच कळलं.

"माज्या ओट्यावर चा पीत व्हता पोशा," बायकांमधून अंबाबाई म्हणाली. "आज तरी वार बरोबर हाय का रं परवीन?"

कुणी हसलं नाही. प्रवीणचं तोंड उतरलं होतं. त्यानं माइक परत घेतला, बटण बंद केलं आणि उशीर होतोय, पालखी उचला, एवढं बोलला. चांगोनं शाल काढून मांडवाच्या खांबाला अडकवली. पुढच्या उजव्या खांद्याची जागा वीस वर्षं त्याची होती. तिथं आता गावातला एक तरणा पोर, सुनील, उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, चांगोलाही कुणी हाकललं नव्हतं. जागा भरलेली होती, एवढंच.

पालखी निघाली. चांगो बाजूबाजूनं चालत राहिला. अर्ध्या चढावर रायवळ आंब्याचं झाड वाटेवर वाकलेलं आहे. वर्षभरात त्याची एक जाड फांदी कैऱ्यांच्या भारानं इतकी खाली आली होती की पालखीचा कळस तिच्यात अडकणार. खांदेकरी थांबले. वाजंत्री थांबली. मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "पोशा, फांदी बघ रं."

ओरडणाऱ्याच्या लक्षात आलं तसा तो गप्प झाला. एवढ्या गर्दीत कुणाकडे कोयता नव्हता, कारण कोयता आणायचं काम दुसऱ्या कुणाचं कधी नव्हतंच.

चांगो पुढे झाला. त्यानं फांदीखाली खांदा घातला, मग दोन्ही हात लावून ती डोक्याच्या वर उचलून धरली. फांदी जड होती. पालखी वाकून खालून गेली. तिच्या मागे वाजंत्री, कमिटी, पुरुष, मग बायका, मुलं, अख्खं गाव एकेक करत त्याच्या हातांखालून जाऊ लागलं. आणि जाताना प्रत्येक जण त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. कुणी रागानं, कुणी नुसतंच. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता, पण तो तोंडावर ओढायला हात मोकळा नव्हता. घामाबरोबर डोळ्यांतून येत होतं तेही पुसता येत नव्हतं. जया जवळून गेली. तिनं मात्र त्याच्याकडे बघितलं नाही.

सगळ्यात शेवटी काठी टेकत अंबाबाई आली.

"सोड आता," ती म्हणाली. "गेले सगले."

"मागं पोशा येतोय का बघ गं काकी," चांगो म्हणाला.

अंबाबाई वळली. तिनं कपाळावर हात धरून उतारावरची मोकळी वाट खालपर्यंत न्याहाळली.

"नाय रं," ती म्हणाली आणि पालखीच्या मागे चालू लागली. चांगोनं फांदी सोडली नाही.